बिनहळदीचे वरण

३ फेब्रुवारी १९७४, रविवार. धामणटेक

चर्चमधली मिस्सा आटोपून मी झगा काढत होतो, तोच तातेराव आणि पाचसात माणसे खोलीत शिरली आणि त्यांनी दार लोटून घेतले. तातेराव आमच्या मिशनच्या शाळेत गणित शिकवतात. बौद्ध वस्तीतले पहिले पदवीधर. माझ्यापेक्षा बरे शिकवतात, पण हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

"फादर, आपल्या गटाचे मेंबर वारले. जिल्हा परिषदेची पोटनिवडणूक लागून राह्यली. तुम्ही उभे ऱ्हा."

मी हसलो. ते कोणी हसले नाहीत. गावाला नळयोजना मंजूर झाली आहे. टाकी होणार, पाइप येणार, आणि तो मारुतीच्या चौकात संपणार. नाल्याच्या अंगाला असलेल्या दोन वस्त्या, एक बौद्धांची आणि एक आमच्या ख्रिस्ती लोकांची, त्या नकाशात नाहीतच. तिथल्या बाया भुजंगरावांच्या शेतातल्या विहिरीवर उभ्या राहतात आणि त्यांचा माणूस येऊन पोहरा ओतील तेव्हा भरून आणतात. आता भुजंगरावच उभे राहणार आहेत. ते मेंबर झाले की पाइप चौकाच्या पुढे सरकायचा नाही.

मी तातेरावांना म्हणालो, तुम्हीच उभे राहा.

"मी उभा ऱ्हायलो तर वस्तीचीच मतं पडतीन. तुम्ही कोणाचेच न्हाईत, म्हणून तुम्हाला समदे देतीन."

आपण कोणाचेच नाही हे ऐकून बरे वाटायला नको होते. पण वाटले.

दुपारी गोजरबाईने जेवायला वाढले. नऊ वर्षांपूर्वी मी वसईहून इथे आलो तेव्हापासून ती मिशनचा स्वयंपाक करते. बाप्तिस्म्याचे नाव मार्था, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघते, दुसरे कोण आले म्हणून. वरणात हळद मुठीने घालते. माझे सगळे रुमाल पिवळे आहेत. सांगून थकलो.

१४ फेब्रुवारी. औरंगाबाद

आमचे वरिष्ठ फादर रॉड्रिग्ज यांना भेटलो. ते चिडत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नाही. शांतपणे अटी सांगितल्या. अर्ज भरला त्या दिवसापासून लोकांसमोर मिस्सा नाही, पापनिवेदन ऐकायचे नाही, बाप्तिस्मे-लग्ने लावायची नाहीत. खोलीत एकट्याने, दार लावून, काय ती प्रार्थना करावी. हरलो तर परत वेदीवर. जिंकलो तर मेंबरकी किंवा वेदी, एक काय ते निवडायचे.

उठताना त्यांनी विचारले, "इनास, तुला त्यांना पाणी द्यायचे आहे, की निवडून यायचे आहे?"

"पाणी," मी म्हणालो.

"मग बरे," ते म्हणाले. हा माणूस एवढेच बोलून थांबतो.

परतीच्या एस.टी.त त्या प्रश्नावर बदनापूरपर्यंत विचार केला. तिथे एक बाई शेळी घेऊन चढली, तिचे आणि कंडक्टरचे भांडण जुंपले, आणि विचार राहून गेला.

२७ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळी शेवटची मिस्सा. सगळ्यांच्या कपाळाला राख लावली आणि मग सांगितले की उद्या अर्ज भरतो आहे, आता निवडणूक होईपर्यंत मी तुमचा फादर असून नसल्यासारखा. टाळ्या पडतील असे वाटले नव्हते, पण निदान कुजबुज होईल असे वाटले होते. काहीच झाले नाही. राख लावलेली कपाळे तशीच माझ्याकडे बघत राहिली.

मागाहून गोजरबाई म्हणाली, "मंग आमचं पाप कोण काढीन?"

"जालन्याहून दर रविवारी फादर ब्रिटो येतील."

"त्ये नवे हायेत."

"पाप ऐकायला नवा चालतो, बाई."

"सांगायला न्हाई चालत," ती म्हणाली आणि भांडी उचलून गेली.

९ मार्च

निशाणी शिडी मिळाली. मी सायकल मागितली होती, कारण मी सायकलवरच फिरतो आणि खर्च वाचला असता. आमच्या वस्तीतल्या साळूबाईने कागदावरची शिडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "फादर, ही विहिरीत उतरायची का सर्गात चढायची?" लोक पोट धरून हसले. मीही हसलो, पण उशिरा.

आज चार गावे केली, केदारखेड्याच्या वाटेवरची. हात जोडायची सवय होत नाही. समोर माणूस आला की उजवा हात आपोआप आशीर्वादाला वर जातो. मग तो माणूस मान खाली घालतो, मी अर्ध्यावरून हात खाली आणतो आणि जोडतो. तातेराव बाजूला तोंड करून हसतात. प्रत्येक घरात "हो फादर, बराबर हाये फादर" असे म्हणाले. मला वाटते हवा चांगली आहे. तातेरावांचे मत, "हो तर ते तुमच्या उपदेशालाबी म्हणतेत."

१७ मार्च, रविवार

भुजंगरावांनी चहाला बोलावले. गेलो. न जाणे वाईट दिसले असते.

ओसरीवर गादी, तक्क्या, बशीत शेव. माणूस गोड आहे. मला त्याचा राग येत नाही, आणि याचाच कधी कधी राग येतो. म्हणाले, "फादर, इलेक्शन हाये, दुश्मनी थोडीच हाये? मी हरलो तर माझी शेती ऱ्हाती, विहीर ऱ्हाती. तुम्ही हरले तर तुमचं देऊळ ऱ्हातं. पण तुम्ही जितले, तर तुमच्यापाशी काय ऱ्हातं?"

औरंगाबादच्या खोलीत दोघांत झालेले बोलणे यांच्या ओसरीपर्यंत कसे पोचले, देव जाणे. मी म्हणालो, "वस्तीत नळ राहील."

"ते बी पाहू," ते म्हणाले आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

२ एप्रिल

तातेराव धापा टाकत आले. काल भुजंगरावांनी आमच्या ख्रिस्ती वस्तीतला घरटी एक माणूस विहिरीवर बोलावला. खंडोबाचा भंडार परातीत मांडून ठेवला होता. एकेकाने चिमूट उचलायची आणि शपथ घ्यायची, की आमच्या घरातली सगळी मते भुजंगरावांना. सगळ्यांनी उचलला. पहिला उचलणारा कडूबा, गोजरबाईचा मुलगा. तो भुजंगरावांकडे सालाने आहे.

"अन् तुमच्या वस्तीला?" मी विचारले.

"आम्हाला बोलावलंच न्हाई. छप्पन साली आम्ही हे समदं सोडून देलं, हे त्यांना ठाव हाये. आमच्या हातात भंडार देला तर आम्ही वरणात टाकू."

हे मला चांगलेच झोंबले. आमच्या लोकांना बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या. नऊ वर्षे मी वेदीवरून कंठशोष करतो आहे, की भंडार म्हणजे दळलेली हळद, तिच्यात देव नाही, तिला भिऊ नका. लोक म्हणायचे, "हो फादर." त्यांच्या पोटात काय आहे ते माझ्यापेक्षा भुजंगरावांना जास्त माहीत निघाले.

१४ एप्रिल, पास्काचा सण, म्हणजे ईस्टर

यंदा सण आणि डॉक्टरसाहेबांची जयंती एकाच दिवशी आली. सकाळी फादर ब्रिटोंनी मिस्सा केली. मी मागच्या बाकावर बसलो. इतकी वर्षे लोकांचे चेहरे समोरून पाहिले, आज पाठी पाहिल्या. उपदेश चालू असताना बरेच लोक जांभया देतात. माझ्याही वेळी देत असतील.

प्रसाद घ्यायला रांग लागली, तेव्हा मात्र उठून पुढे जावेसे वाटले, रांगेत नव्हे, रांगेच्या त्या टोकाला. मला वाटले होते, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. इतके अवघड जाईल असे वाटले नव्हते.

दुपारी बौद्ध वस्तीत गेलो. मिरवणुकीत निळे झेंडे, बँड, पोरांच्या अंगावर नवे कपडे. तातेरावांनी मला बोलायला उभे केले. बरा बोललो. तिथे टाळ्या पडल्या.

आमच्या वस्तीतले लोक हल्ली माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघतात.

२५ एप्रिल

हे सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला स्वतःला फसवता येणार नाही.

संध्याकाळी गोजरबाई स्वयंपाकघरातून आली आणि खाली बसली. ती माझ्यासमोर कधी बसत नाही. मागून साळूबाई आणि वस्तीतल्या घरोघरच्या बाया येऊन दारात उभ्या राहिल्या.

"फादर, तुम्ही पाप काढता ना? मंग ही आन बी काढा."

"कसली आन?"

"भंडाराची. कडूबानं घराच्या नावानं उचलला. आम्हाला शिडीवर शिक्का मारायचाय. पण आन हाये. भुजंगरावाला कळणार न्हाई, डबा बंद ऱ्हातो. भंडाराला तर कळतंय."

खरे तर यात मला आनंद व्हायला हवा होता. पाऊण वस्ती माझ्या दारात उभी होती, आणि एक शब्द उच्चारला की काम झाले असते. मी म्हणालो, "बाई, मला आता तो अधिकार नाही. निवडणूक होईपर्यंत वरिष्ठांनी काढून घेतला आहे. फादर ब्रिटोंना विचारा."

"त्यांना काय सांगायचं? त्यांना भंडार ठाव न्हाई, भुजंगराव ठाव न्हाई, आम्ही बी ठाव न्हाई."

"दुसरे असे, की मीच उमेदवार. माझ्याच फायद्यासाठी मी तुमची शपथ मोडली, तर मी कसला फादर?"

मग साळूबाई दारातून म्हणाली, "पण तुम्हीच तर म्हनत व्हते, ती नुसती हळद हाये. तेवढंच आज म्हना. बिलकुल तेवढंच."

 मी म्हणालो, "हळद असो की काही असो, शब्द दिला तो दिला. शब्द देण्याआधी विचार करायचा होता."

हे मी बोललो. वाक्य बरोबर आहे. धर्मशास्त्राच्या कोणत्याही परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील.

गोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. रागावली नव्हती. मला समजावल्यासारखी म्हणाली, "फादर, तुम्हाला जे येत व्हतं ते तुम्ही सोडून देलं. अन् जे येत न्हाई ते धरून बसले. ऱ्हाऊ द्या. आमचं आम्ही पाहू."

बाया गेल्या. यांची मते गेली हे मी ओळखले. पण मी वागलो ते योग्य वागलो, यात मला शंका नाही.

शंका नाही असे लिहून बराच वेळ बसलो आहे.

२८ एप्रिल, रविवार

मतदान. ऊन भयंकर. ख्रिस्ती वस्तीतल्या बाया घोळक्याने आल्या आणि घोळक्याने गेल्या. केंद्राबाहेर भुजंगराव त्यांना हात जोडून उभे होते. मीही जोडून उभा होतो, आता सवय झाली आहे. बायांनी आम्हां दोघांकडेही पाहिले नाही.

३० एप्रिल. जालना

हरलो. फार नाही, पण हरलो. सगळ्या पेट्यांतल्या चिठ्ठ्या आधी एकत्र कालवल्या, त्यामुळे कोणत्या गावाने कोणाला दिले ते कळायची सोय नाही. मला कळायची गरजही नाही. बौद्ध वस्तीने शब्द पाळला, हे तातेरावांचे तोंड पाहून समजते. बाहेरच्या गावांनीही बरे दिले म्हणतात. कमी पडले ते नेमके आमच्या वस्तीएवढे. माझ्या लोकांनी भंडाराचा मान राखला. मीच तर सांगितले होते, शब्द दिला तो दिला. नऊ वर्षांत माझा एवढा एकच उपदेश त्यांनी मानला.

तातेराव म्हणाले, "फादर, असं हिशोब लावून कोणाला बोल लावू नका. आपल्याला काय ठाव?"

मी म्हणालो, मला ठाव आहे.

जुन्या जालन्याच्या बाजारातून चालत स्टँडवर आलो. भुजंगरावांच्या गुलालाची गाडी समोरून गेली. त्यांनी गाडी थांबवून मला नमस्कार केला. त्यातही काही खोट काढता आली नाही.

३ मे

वरिष्ठांना पत्र टाकले. उत्तराची वाट पाहतो आहे.

आज वरण पांढरे होते. हळद संपली असेल म्हणून बोललो नाही.

५ मे, रविवार

वरण अजून पांढरेच. भाजीही तशीच, आजाऱ्याला देतात तसली. विचारले तर गोजरबाई म्हणाली, "असंच खा काही दिस. मला हळदीला हात लावायचा न्हाई." हळदीचा डबा फळीवर भरलेला दिसला. जिंकलेल्या बाजूची माणसे हरलेल्याला जेवण तरी नीट वाढतात, असे मनात आले.

फादर ब्रिटो मिस्सेआधी तासभर पापनिवेदनाला बसले. एकही माणूस गेला नाही. हसत म्हणाले, "इनास, तुझ्या लोकांना पापेच नाहीत की काय?" मी म्हणालो, "त्यांनी शपथ पाळली, मालकही राखला. पाप कशाचे?"

ते हसायचे थांबले. माझा सूर बरा नसावा.

८ मे

कडूबाचा धाकटा पोरगा तापाने फणफणला आहे. उन्हाचा ताप, दुसरे काही नाही. गोळ्या दिल्या, ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायला सांगितले. कडूबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "फादर, हा ताप दुसराच हाये." अडाणीपणाला औषध नाही, असे म्हणून मी बाहेर पडलो.

आज स्वयंपाकाला साळूबाई आली. गोजरबाई कुठे आहे विचारले, तर पहाटेच्या गाडीने सातारा गावी गेली म्हणे, औरंगाबादजवळ, खंडोबाला. म्हणजे आता उघडउघड. नवस फेडायला गेली असणार, भुजंगराव निवडून आले म्हणून. मिशनच्या स्वयंपाकघरात नऊ वर्षे क्रुसाखाली भाकरी थापणारी बाई!

फार वाईट वाटले. निवडणूक हरलो तेव्हा इतके वाटले नव्हते.

१० मे

वरिष्ठांचे पत्र आले. उद्यापासून सर्व अधिकार परत. खाली त्यांच्या हाताने एक ओळ: "पाणी मिळाले नाही, याचे वाईट वाटते." तेवढेच.

संध्याकाळी घंटा वाजवून वस्तीत निरोप दिला, की उद्या दुपारी मी पापनिवेदनाला बसेन, परवा मिस्सा. कोणी येईल असे वाटत नाही.

११ मे, शनिवार

तीनला बसलो. दार उघडले तेव्हा सगळी वस्ती बाहेर उन्हात उभी होती. पुरुष, बाया, पोरे काखेत. रांग पार चिंचेपर्यंत. सर्वांत पुढे गोजरबाई होती आणि तिच्यामागे कडूबा, आजारी पोराला खांद्यावर घेऊन.

एकेक आला, गुडघे टेकले, बोलला, उठून गेला. दिवेलागणीपर्यंत बसून होतो.

त्यांनी काय सांगितले ते लिहायचे नाही. हा नियम मला वहीतही लागू आहे, आणि आज पहिल्यांदा तो जड वाटतो आहे.

रात्री जेवायला उठलो नाही. मागची पाने चाळली. तीस एप्रिलचे पान फाडावेसे वाटले, आणि आठ मेचे. मग लक्षात आले, की फाडली तर कोणीही विचारील का फाडली, आणि ते सांगणे म्हणजे ऐकलेले सांगणे. म्हणून ती तशीच ठेवतो. माझ्या हातचे अक्षर आहे, मीच वाचावे.

तातेरावांनाही काही सांगता येणार नाही. ते बिचारे तर आधीच म्हणाले होते.

१२ मे, रविवार

मिस्सा केली. उपदेशात भंडाराबद्दल बोलणार होतो, नाही बोललो. जांभया कमी होत्या, किंवा मी मोजल्या नाहीत.

कडूबाच्या पोराचा ताप उतरला आहे. गोळ्यांनी उतरला असे मी म्हणतो. कडूबा "हो फादर" म्हणाला.

चौकात पाइपासाठी चर खणायला सुरुवात झाली. मारुतीपर्यंत आखून चुना टाकला आहे. उद्या तातेराव आणि मी भुजंगरावांकडे जाणार आहोत. ते चहा देतील, "पाहू" म्हणतील. मग परवा पुन्हा जाऊ. बाया आज विहिरीवर गेल्या, तशा उद्याही जातील.

दुपारी गोजरबाईने ताट आणून ठेवले आणि पाठ फिरवून चुलीपाशी गेली. वरणाबद्दल लिहायला कोणाची मनाई नाही, म्हणून लिहितो. वरण पिवळे होते. नेहमीसारखीच मुठीने हळद घातलेली, बोटे पुसली तर रुमाल खराब होईल अशी. मी तीनदा मागून घेतले.